वेबर्नची सिंफनी नाकारली कोणी?

जनतेच्या पैशावर चालणाऱ्या ऑर्केस्ट्रांवर कात्री चालवायची वेळ आली, की युरोपात एक मुद्दा हमखास पुढे येतो. आधुनिक संगीत, त्यातही बारा सुरांच्या मालिकांवर रचलेलं संगीत, लोकांना नको आहे. शंभर वर्षं संधी दिली, लोकांनी निकाल दिला, आता त्यावर पैसा कशाला? २०१६ साली जर्मनीत बाडेन-बाडेन आणि फ्रायबुर्ग इथला नभोवाणीचा ऑर्केस्ट्रा श्टुटगार्टच्या ऑर्केस्ट्रात विलीन करण्यात आला. नव्या संगीतासाठी जगभर नावाजलेला ऑर्केस्ट्रा होता तो. २०२३ साली बीबीसीने आपला गायकवृंद बंद करण्याचा आणि इंग्लंडमधल्या आपल्या ऑर्केस्ट्रांतली सुमारे पंचमांश पदं कमी करण्याचा बेत जाहीर केला. मोठी ओरड झाली, तेव्हा गायकवृंद वाचला. ही भांडणं वरवर हिशेबाची दिसतात. पण त्यांच्या तळाशी तोच समज असतो, की लोकांनी हे संगीत नीट ऐकून पाहिलं आणि मग बाजूला ठेवलं.

हा समज मला मान्य नाही. लोकांनी ते बाजूला ठेवलं हे खरं. नीट ऐकून ठेवलं हे खरं नाही. बहुतेकांच्या कानांवर पडलं ते अपुऱ्या तालमीचं, एकदाच वाजवून गुंडाळलेलं, वाजवणाऱ्यांनाच न उमगलेलं काहीतरी. हे दाखवायला मी एकच रचना घेतो: ऑस्ट्रियन रचनाकार आंतोन वेबर्नची सिंफनी, ओपस २१ (म्हणजे त्याच्या रचनांच्या यादीतला एकविसावा क्रमांक). जेमतेम दहा मिनिटांची ही रचना आहे. विसाव्या शतकातल्या संगीतावर तिच्याइतका परिणाम करणाऱ्या रचना थोड्याच असतील, आणि तरीही तिच्याइतकी वाईट वागणूकही थोड्यांनाच मिळाली असेल.

आधी रचनेबद्दल. १९२८ साली ती पूर्ण झाली, तेव्हा वेबर्न चव्वेचाळीस वर्षांचा होता आणि व्हिएन्नाजवळ राहत होता. ऑर्केस्ट्रा म्हणावा तर फार छोटा: एक क्लॅरिनेट, एक बास क्लॅरिनेट, दोन हॉर्न, एक हार्प आणि व्हायोलिन, व्हिओला, चेलो ही तंतुवाद्यं. डबल बास नाही, ढोल नाही, कर्णे नाहीत. भाग दोनच. तिसऱ्या भागाचा विचार त्याने केला होता आणि सोडून दिला. आपल्या मुलीला, क्रिस्टिनेला, त्याने ती अर्पण केली.

त्याचा गुरू आर्नोल्ड शोनबर्ग याने बारा सुरांची पद्धत काही वर्षांपूर्वीच आपल्या शिष्यांपुढे मांडली होती. हार्मोनियमच्या एका सप्तकात काळ्या-पांढऱ्या मिळून बारा पट्ट्या असतात. त्या बाराही सुरांचा रचनाकाराने एक क्रम लावायचा आणि सगळी रचना त्या क्रमातून, त्याच्या उलट्या वाटेतून, त्याच्या प्रतिबिंबातून (चढ असेल तिथे तेवढाच उतार) उभी करायची. कुठलाही एक सूर षड्ज होऊन बसत नाही. आपल्या कानाला नेमकं हेच जड जातं, कारण तंबोऱ्यावर वाढलेला कान पहिल्या क्षणापासून घर शोधतो.

वेबर्नच्या या सिंफनीचा क्रम मराठी वाचकाला घरच्या पेटीवर वाजवून पाहता येईल. त्याचा पहिला सूर षड्ज धरला, तर पहिले सहा सूर असे येतात: सा, शुद्ध ध, कोमल नी, शुद्ध नी, प, कोमल ध. मग उरलेले सहा: शुद्ध रे, कोमल रे, शुद्ध म, शुद्ध ग, कोमल ग, तीव्र म. आता हे दुसरे सहा सूर शेवटून मागे वाजवत या. तीव्र मध्यमापासून निघून नेमक्या त्याच पायऱ्या येतात, ज्या पहिल्या सहांनी षड्जापासून घेतल्या होत्या. क्रमाचा उत्तरार्ध म्हणजे पूर्वार्धाचीच परतीची वाट. रचनेतही हेच पसरत जातं. दुसऱ्या भागात एक विषय, त्याची सात रूपांतरं आणि समारोप आहे. प्रत्येक तुकडा अकरा मापांचा, म्हणजे तालाच्या अकरा छोट्या आवर्तनांचा, मधून दुमडल्यासारखा. चौथं रूपांतर म्हणजे सगळ्याचा मध्य, तिथून सारं मागे वळतं, असं वेबर्ननेच आपल्या व्याख्यानांत सांगितलं होतं. हा माणूस पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या हाइनरिश इझाक या रचनाकारावर व्हिएन्ना विद्यापीठात डॉक्टरेट मिळवलेला अभ्यासक होता. एकाच ओळीने स्वतःचा पाठलाग करावा, स्वतःलाच उलटं उत्तर द्यावं, ही जुनी युरोपीय विद्या त्याच्या रक्तात होती.

पण माझ्या मुद्द्यासाठी महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. पहिला भाग सुरू होतो तेव्हा तो बारा सुरांचा क्रम एकाच वाद्यावर येत नाही. पहिले चार सूर दुसऱ्या हॉर्नकडे आहेत, पुढचे चार क्लॅरिनेटकडे, शेवटचे चार चेलोकडे. तोवर पहिल्या हॉर्नने त्याचं प्रतिबिंब सुरू केलेलं असतं. ते बास क्लॅरिनेटकडे आणि मग व्हिओलाकडे जातं. यांच्या जोडीला आणखी दोन ओळी, असाच पाठलाग करत, हार्प आणि व्हायोलिन वगैरेंच्या हाती विखुरलेल्या. म्हणजे चेलोवाल्याला आपले चार सूर वाजवताना हे कळलेलं असावं लागतं, की आपण काही सुरू करत नाही. हॉर्नने उचललेली आणि क्लॅरिनेटने पुढे नेलेली ओळ आपण संपवतो आहोत. त्याचा आवाज, त्याचा जोर, त्याची किंचित ओढ, सगळं त्या दोघांच्या वाजवण्यातून ठरतं. एकानेही हे मनावर घेतलं नाही, तर ओळ नाहीशी होते आणि मागे सुटे ठिपके उरतात. ते ठिपकेच म्हणजे हे संगीत, असं मग श्रोता समजतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

पहिला प्रयोग १८ डिसेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये झाला. लीग ऑफ कंपोझर्स या संस्थेची मैफल होती आणि कंडक्टर होते अलेक्झांडर स्मॉलेन्स. वेबर्न तिथे नव्हता. अमेरिकेत तो कधी गेलाच नाही. प्रेक्षक हसले. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत समीक्षकांनी टिंगल केली. हा प्रसंग पुढे आधुनिक संगीताच्या इतिहासात इतक्यांदा सांगितला गेला, की तो लोकमताचा पुरावाच बनून बसला. मला त्यात पुरावा दिसतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. ज्या वादकांनी वेबर्नची ही भाषा पूर्वी क्वचितच वाजवली असेल, ज्यांना ती शिकवणारा माणूस समुद्रापलीकडे होता, त्यांनी एका संध्याकाळी ती कागदावरून वाजवली, आणि ज्यांनी असं काही कधी ऐकलं नव्हतं अशांनी ती एकदाच ऐकली. त्यावरून काय ठरवायचं?

तालमीचा प्रश्न किती खरा आहे हे कळतं ते व्हिएन्नातल्या १९३६ सालच्या प्रयोगावरून. कंडक्टर होता ओटो क्लेम्पेरर. त्या काळच्या मोठ्या कंडक्टरांपैकी एक, आणि नव्या संगीताचा वैरी मुळीच नव्हे. बर्लिनला असताना त्याने नव्याची बाजू अनेकदा घेतली होती. पुढे म्हातारपणी एका मुलाखतीत त्याने ही हकीकत स्वतः सांगितली. या सिंफनीत त्याला शिरताच येईना, ती त्याला कमालीची कंटाळवाणी वाटली. म्हणून त्याने वेबर्नलाच बोलावून ती पियानोवर वाजवून दाखवायला सांगितलं. वेबर्नने वाजवली, आणि प्रत्येक सूर असा काही जीव ओतून वाजवला, की क्लेम्पेरर थक्क झाला. त्याने वेबर्नला सरळ सांगितलं, की इतकी आच मला या संगीतात आणता येणार नाही, मला जमेल तसं मी करीन. आणि प्रयोग बरा झाला, असं त्याचं मत.

वेबर्नचं मत वेगळं होतं. त्या प्रयोगाला त्याच्या शेजारी पेटर श्टाडलेन हा तरुण पियानोवादक बसला होता. त्याने लिहून ठेवलं आहे, की संगीत संपल्यावर वेबर्न त्याच्याकडे वळून कडवटपणे म्हणाला: एक वरचा सूर, एक खालचा, एक मधला, वेड्याच्या संगीतासारखं!

हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. बारा सुरांच्या संगीतावर आजही सामान्य श्रोता हाच आरोप करतो, जवळजवळ याच शब्दांत. आणि इथे खुद्द रचनाकार स्वतःच्या सिंफनीच्या प्रयोगाबद्दल तेच म्हणतो आहे. म्हणजे श्रोता चुकीचं ऐकत नाही. त्याच्यापर्यंत जे पोचतं त्याचं तो अचूक वर्णन करतो. चूक आहे ती त्याच्यापर्यंत काय पोचवलं गेलं त्यात.

याच श्टाडलेनने १९३७ साली वेबर्नच्या पियानो व्हेरिएशन्सचा (पियानोसाठीच्या रूपांतरांचा) पहिला प्रयोग केला. त्याआधी वेबर्नने त्याच्याकडून ती आठवडेच्या आठवडे बसवून घेतली. तो गायचा, ओरडायचा, हातवारे करायचा, कुठे लय ओढायची, कुठली ओळ कुठे श्वास घेते, सगळं सांगायचा. छापील प्रतीत यातलं जवळजवळ काहीच नाही. वेबर्नच्या हातच्या खुणा असलेली श्टाडलेनची प्रत १९७९ साली छापून आली, तेव्हा ज्यांनी तीस वर्षं हे संगीत बर्फासारखं थंड वाजवलं होतं, त्यांना ते बघून धक्का बसला असणार.

इथे माझ्या विरुद्ध बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा मांडला पाहिजे, आणि तो श्टाडलेनचाच आहे. वेबर्नच्या इतक्या जवळ राहूनही १९५८ साली तो या निष्कर्षाला आला, की बारा सुरांच्या पद्धतीतच खोट आहे. ज्या भावना वेबर्न या सुरांत ऐकायचा, त्या सुरांत नाहीतच. त्या बाहेरून ओताव्या लागतात. नुसत्या सुरांतून अर्थ पोचत नसेल, तर ते संगीत अपुरं नाही का?

मी यावर बराच विचार केला आहे आणि मला हे पटत नाही. सुरांच्या आराखड्यात सगळं असावं, ही मागणी आपण दुसऱ्या कुठल्या संगीताकडे करतो? बिलासखानी तोडीचे आरोह-अवरोह आणि बंदिशीची स्वरलिपी भातखंड्यांच्या पोथीत आहे. ती वाचून कोणी नवखा माणूस गाईल, तर ऐकणाऱ्याला तोडी भेटेल का? नाही भेटणार, आणि त्यावरून कोणी तोडी हा राग अपुरा ठरवणार नाही. कागदाच्या पलीकडचं तालमीतूनच येतं, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. युरोपला मात्र दोनशे वर्षांत छापील स्वरलिपीवर इतका विश्वास बसला, की कागदावर आहे तेवढंच संगीत, असं वाटू लागलं. मोझार्ट वाजवताना हे खपून जातं, कारण तो कसा वाजवायचा हे प्रत्येक वादकाने लहानपणापासून कानांनी शिकलेलं असतं. वेबर्नच्या बाबतीत ते कानांनी शिकवणारी माणसंच उरली नाहीत.

का उरली नाहीत, हा इतिहास दुःखाचा आहे. १९३३ साली शोनबर्गला बर्लिन सोडावं लागलं. वेबर्न व्हिएन्नातल्या कामगारांच्या सिंफनी मैफलींचा आणि गायकवृंदाचा कंडक्टर होता. १९२६ साली कामगारांचे गायकवृंद घेऊन त्याने माहलरची आठवी सिंफनी केली होती. 'मूठभरांचं संगीत' म्हणून ज्याची संभावना होते, त्या माणसाने आपली उमेदीची वर्षं कामगारांना गायला लावण्यात घालवली. फेब्रुवारी १९३४ मध्ये ऑस्ट्रियात समाजवादी चळवळ चिरडली गेली आणि ही कामं एका फटक्यात संपली. १९३८ साली नाझी आले, वेबर्नचं संगीत बंद झालं. हेही सांगितलं पाहिजे, की वेबर्नला नाझी जर्मनीबद्दल काही काळ ओढ वाटत होती. त्याच्या पत्रांतून ते स्पष्ट दिसतं, आणि ते झाकून त्याची बाजू मांडायची मला गरज वाटत नाही. १५ सप्टेंबर १९४५ रोजी मिटरझिल गावात एका अमेरिकन सैनिकाच्या गोळीने तो मेला. युद्ध तोवर संपलेलं होतं. त्याचे बरेच सहकारी आणि शिष्य परागंदा झाले होते.

म्हणजे १९४५ नंतर ज्यांनी ही सिंफनी उचलली, त्यांच्या हाती फक्त कागद होता. पॅरिसमध्ये कंडक्टर रने लेबोवित्झने ती वाजवली आणि मुद्रितही केली. ती तबकडी डायल या अमेरिकन कंपनीने काढली, तीच जिने जॅझचा थोर वादक चार्ली पार्कर याची ध्वनिमुद्रणं काढली होती. पिएर बूलेझ, कार्लहाइन्झ श्टॉकहाउझन ही तरुण रचनाकार मंडळी वेबर्नवर भाळली. पण त्यांना त्यात जे दिसलं ते मुख्यतः बांधकाम. सुरांचा क्रम लावता येतो, तर लांबीचा का नाही, जोराचा का नाही, असं म्हणत त्यांनी स्वतःचं नवं जग उभारलं. त्यांच्या रचनांबद्दल माझी तक्रार नाही. त्यांतल्या काही मला मनापासून आवडतात. पण त्यांच्या उत्साहात वेबर्न हा थंड, गणिती, भावनाशून्य मानला गेला, आणि वादकही तसाच वाजवू लागले. भरीला उद्दामपणा. १९५२ साली बूलेझने लिहिलं, की बारा सुरांच्या भाषेची निकड ज्या संगीतकाराला जाणवली नाही तो निरुपयोगी आहे. १९५८ साली अमेरिकन रचनाकार मिल्टन बॅबिट याचा लेख 'तुम्ही ऐकता की नाही, कोणाला पर्वा?' अशा अर्थाच्या मथळ्याखाली छापला गेला. मथळा संपादकाचा होता, बॅबिटचा नव्हे, पण लोकांच्या लक्षात राहिला तो मथळाच. ज्या श्रोत्याला तुम्ही बिनकामाचा म्हणता, त्याने तुमच्यासाठी तिकीट का काढावं? या संगीताच्या कैवाऱ्यांनी त्याचं जितकं नुकसान केलं, तितकं शत्रूंनीही केलं नसेल.

तरीही ही सिंफनी जिथे जिथे धीराने वाजवली गेली, तिथे ती माणसांपर्यंत पोचली. जानेवारी १९५० मध्ये दिमित्री मित्रोपुलोसने न्यूयॉर्क फिलहार्मोनिककडून ती कार्नेगी हॉलमध्ये वाजवून घेतली. प्रेक्षकांनी पुन्हा नाराजी दाखवली. पण त्या रात्री दोन माणसं तिच्याने इतकी भारावली, की पुढची राखमानिनॉफची रचना न ऐकताच बाहेर पडली आणि दारात एकमेकांना भेटली. एक जॉन केज, दुसरा मॉर्टन फेल्डमन, दोघेही रचनाकार. अमेरिकन संगीताची पुढली कित्येक दशकं त्या भेटीतून घडली.

त्याहून मोठा पुरावा आहे तो १९५९ चा, आणि त्याच्याकडे या वादात फारसं कोणी बघत नाही. त्या वर्षी मे महिन्यात न्यूयॉर्क सिटी बॅलेने 'एपिसोड्स' हा नृत्यप्रयोग रंगमंचावर आणला. पहिला भाग मार्था ग्रॅहमचा, दुसरा जॉर्ज बॅलन्शिनचा, आणि संगीत सगळं वेबर्नचं. बॅलन्शिनने आपल्या भागाची सुरुवातच या सिंफनीने केली. प्रयोग झाला सिटी सेंटरमध्ये, म्हणजे ज्या टाउन हॉलमध्ये तीस वर्षांपूर्वी लोक हसले होते तिथून चालत पंधरा मिनिटांवर. बॅलन्शिनचा भाग त्या संस्थेच्या संग्रहात टिकला आणि आजही अधूनमधून नाचला जातो. असं का झालं? नर्तकांना ही सिंफनी आठवड्यांमागून आठवडे मोजावी, पाठ करावी, अंगात मुरवावी लागते. एक हात हॉर्नसोबत उचलायचा आणि पाऊल क्लॅरिनेटसोबत टाकायचं, तर ओळ कुठून कुठे जाते हे माहीत असल्याशिवाय गत्यंतर नसतं. आणि बॅले एका रात्रीत संपत नाही. वाद्यवृंदाला तीच रचना पुन्हा पुन्हा वाजवावी लागते, प्रेक्षक पुन्हा येतो. तालीम आणि पुनरावृत्ती या दोन गोष्टी मिळाल्या आणि त्याच शहरात त्याच रचनेला प्रेक्षक मिळाला.

हर्बर्ट फॉन कारायानचंही तेच. सत्तरच्या दशकात बर्लिन फिलहार्मोनिकसोबत त्याने शोनबर्ग आणि त्याचे दोन शिष्य, बेर्ग आणि वेबर्न, यांच्या रचनांचा चार तबकड्यांचा संच केला, त्यात ही सिंफनी आहे. जगातल्या सर्वांत श्रीमंत ऑर्केस्ट्राची हवी तेवढी तालीम त्यामागे होती, आणि संच बाजारात चालला. मला स्वतःला कारायानचं वादन थोडं जास्तच गुळगुळीत वाटतं. वेबर्नच्या ओळीला जी धार हवी ती कुठे कुठे झिजते. पण हॉर्नकडून क्लॅरिनेटकडे आणि तिथून चेलोकडे जाताना ती ओळ एकदाही तुटत नाही. १९५७ साली बाहेर आलेलं कंडक्टर रॉबर्ट क्राफ्टचं समग्र वेबर्न हे निर्विवाद मोठं काम. त्यामुळेच जगाला वेबर्न मिळाला, स्ट्राविन्स्कीसारखा थोर रचनाकार उतारवयात या भाषेकडे वळला त्यात क्राफ्टच्या तालमींचा वाटा आहे. तरी त्या तबकडीवर वादक वाट चाचपडताना ऐकू येतात. दोन्ही लागोपाठ ऐका. तालमीने काय फरक पडतो ते पाच मिनिटांत कळेल.

आता जनतेच्या पैशाकडे येतो. करदात्याचा प्रश्न रास्त आहे: जे थोडे लोक ऐकतात, त्याचा खर्च सगळ्यांनी का सोसावा? माझं उत्तर असं, की जे काम बाजार कधीच करणार नाही तेवढ्यासाठीच सार्वजनिक पैसा असतो, आणि संगीतात ते काम म्हणजे तालीम. तिकीट विकून नाव मिळवता येतं, प्रतिष्ठा मिळवता येते, पण एका दहा मिनिटांच्या रचनेसाठी आठवडाभराची तालीम परवडत नाही. ती परवडली ती नेहमी नभोवाणीला. १९३२ च्या डिसेंबरमध्ये फ्रँकफर्ट नभोवाणीने वेबर्नला बोलावून शुबर्टच्या जर्मन नृत्यांची त्याने केलेली वाद्यरचना त्याच्याच हाताखाली मुद्रित केली. मे १९३६ मध्ये बीबीसीच्या ऑर्केस्ट्राकडून त्याने आल्बान बेर्गचा व्हायोलिन कॉन्चेर्टो वाजवून घेतला. त्याच्या आदल्याच महिन्यात बार्सिलोनाला त्याच रचनेच्या पहिल्या प्रयोगातून तो बाजूला झाला होता, कारण मिळालेल्या तालमी त्याने थोड्याशा मापांवरच खर्च केल्या आणि बाकीचं बसवायला वेळच उरला नाही. लंडनचं आणि फ्रँकफर्टचं ध्वनिमुद्रण आज ऐकायला मिळतं. लय श्वासासारखी मागेपुढे होते, ओळी गातात. वेबर्न स्वतः कसा वाजवत असे याचा जो काही आवाज जगाकडे उरला आहे, तो नभोवाणीमुळे उरला.

फ्रँकफर्ट नभोवाणीवर तेव्हा हान्स रोसबाउट हा कंडक्टर होता. युद्धानंतर तोच बाडेन-बाडेनच्या ऑर्केस्ट्राचा प्रमुख झाला. १९५५ साली बूलेझच्या 'ल मार्तो सां मेत्र' या रचनेचा पहिला प्रयोग त्याने सुमारे पन्नास तालमी घेऊन केला. २०१६ साली हिशेबाच्या वहीत विलीन झाला तो हाच ऑर्केस्ट्रा. इमारत, पदं, वाद्यं यांची मोजदाद करता येते. अशा तालमीची सवय मोजता येत नाही, म्हणून ती वाचवायला कोणी उभं राहिलं तरी आकड्यांपुढे हरतं.

पण मी फक्त पैसा मागत नाही, अटही घालतो. या संस्थांनी नव्या रचनांचे पहिले प्रयोग मोजून दाखवण्याचा जो नाद लावून घेतला आहे, तो सोडावा. पहिला प्रयोग बातमीला बरा असतो. त्यानंतर रचना कपाटात जाते. त्यापेक्षा वर्षाला थोड्याच रचना घ्याव्यात आणि त्या पुरत्या बसवाव्यात. आणि दुसरं, एकाच संध्याकाळी दोनदा वाजवाव्यात. ही कल्पना माझी नाही. १९१८ साली शोनबर्गने व्हिएन्नात नव्या संगीताच्या खासगी प्रयोगांसाठी एक मंडळ काढलं, वेबर्न त्यात तालमी घेणाऱ्यांपैकी होता. तिथे रचना पुरती बसल्याशिवाय सादर होत नसे, तीच रचना पुन्हा पुन्हा कार्यक्रमात येत असे, टाळ्या आणि शिट्ट्या दोन्हींना बंदी होती आणि वर्तमानपत्री समीक्षकांना प्रवेश नव्हता. महागाईने १९२१ मध्ये ते मंडळ बुडालं. समीक्षकांना बंदी घालावी असं मी म्हणणार नाही, पण बाकीचं सगळं आजही करता येण्यासारखं आहे. वेबर्नने तर या सिंफनीच्या पहिल्या भागाच्या दोन्ही खंडांना पुनरावृत्तीची खूण करून ठेवली आहे. पुन्हा ऐका, असं त्यानेच लिहिलं आहे.

नीट बसवून, दोनदा ऐकवूनही काहींना ती आवडणार नाही. त्यांचं न आवडणं मी निमूट मान्य करीन, कारण तेव्हा त्यांनी खरोखर ती सिंफनी ऐकलेली असेल.

मुंबईशी या सगळ्याचा एक धागा आहे. झुबिन मेहता पन्नासच्या दशकात व्हिएन्नाला शिकायला गेले ते हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे, आणि स्वारोव्स्की हे शोनबर्ग आणि वेबर्न या दोघांचेही विद्यार्थी. पुढे लॉस एंजलिसच्या ऑर्केस्ट्रासोबत मेहतांनी शोनबर्गचे ऑर्केस्ट्रासाठीचे व्हेरिएशन्स मुद्रित केले. म्हणजे कानांनी शिकवण्याची जी परंपरा तुटली असं मी वर म्हटलं, तिचा एक बारीक तंतू मुंबईच्या एका मुलापर्यंत येऊन पोचला होता. २००६ पासून मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. तिथे ही सिंफनी करायला मोठा वाद्यवृंद लागत नाही. दोन क्लॅरिनेटवाले, दोन हॉर्नवाले, एक हार्प आणि थोडी तंतुवाद्यं पुरतात. वेबर्नचा स्वामित्वहक्क भारतात २००५ अखेरीस संपला, युरोपात २०१५ अखेरीस. सुरुवातीला ही सिंफनी ठेवावी, मग त्याने वाद्यवृंदासाठी केलेली शुबर्टची जर्मन नृत्यं, मग बाखच्या रिचेर्कार या रचनेची त्याने केलेली वाद्यरचना, ज्यात बाखची एकच ओळ तो वाद्यावाद्यांत वाटून देतो आणि श्रोत्याला त्याची युक्ती ओळखीच्या सुरांत कळते, आणि मध्यंतर न घेता शेवटी पुन्हा ही सिंफनी. सगळं मिळून एका तासाच्या आत बसेल. खर्च येईल तो तालमीच्या दिवसांचा, आणि तो तिकिटांतून निघणार नाही हे आधीच धरून कोणीतरी तो उचलला पाहिजे.